वचनांचा मोर्चा

लहानपणी पाठ केलेले पवित्र शास्त्राचे वचन माणसाला आयुष्यभर तारते, असे आमच्या मंडळीत फार गंभीरपणे सांगत. माझी बरीचशी वचने अजून पाठ आहेत. तारण्याबद्दल मात्र जपून बोलावे लागते, कारण ज्या बाईंनी ती पाठ करून घेतली त्यांना त्यांतले एकही उपयोगी पडले नाही.

बाई नगरकडच्या. यजमान परळच्या गिरणीत होते. ते वारल्यावर चाळीतली जागा दिरांनी घेतली आणि चर्चच्या पंचांनी बाईंना चर्चमागची एक खोली राहायला दिली. बदल्यात त्यांनी शब्बाथशाळा, म्हणजे मुलांची रविवारची शाळा, चालवायची. वर्षातून एकदा पाहुण्यांसमोर आमची परीक्षा होई. मुलांना वचने आली तर बाईंची खोली राहिली, नाही आली तर गेली. हे आम्हा मुलांनाही माहीत होते. पंच ते आमच्यासमोरच बोलत.

त्या वर्षी विलायतेचे मोठे साहेब येणार होते आणि आम्हाला काहीही येत नव्हते. बाईंनी सगळे करून पाहिले. वचनांच्या भेंड्या लावल्या, पण बहुतेक वचने 'आहे'वर संपत, त्यामुळे सगळे 'ह'वर अडकून बसत. लंगडी घालत वचन म्हणायला लावले. आमची लंगडी सुधारली.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. वचने न येणारी आम्ही मुले चाळीच्या गॅलरीतून दिवसभर घोषणा देत फिरत होतो आणि त्यांतली एकही चुकत नव्हती. बाईंनी ते ऐकले असणार. पुढच्या रविवारी म्हणाल्या, "चला, रांग लावा. मोर्चा काढायचाय."

बाई मूठ उंचावून वचनाचा पहिला अर्धा भाग देत, आम्ही मुठी उंचावून दुसरा. चर्चच्या आवारात फेऱ्या.

"बाई, पोलीस कोण होणार?" एकाने विचारले.

"पोलीस नकोत. त्यांना काही पाठ करायचं नसतं. आणि तू गं, जोरात! देव काय पहिल्या मजल्यावर राहतो?"

मेंढपाळाचे स्तोत्र एका सकाळी पाठ झाले.

मुख्य पंच सरकारी कचेरीत होते. कोणतीही घोषणा आपल्याविरुद्धच आहे अशी त्यांची समजूत असे. ते काळा कोट सावरत आले.

"बाई, हे चर्च आहे. कामगार मैदान नव्हे."

"पण साहेब, पाठ झालंय."

"पाठ होण्याचं काय घेऊन बसलात? बरं दिसलं पाहिजे. परीक्षेला मुलं हात जोडून उभी राहतील."

बाई "बरं" म्हणाल्या. दुसऱ्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाकडे याहून मोठा शब्दसंग्रह नसतो.

परीक्षा शनिवारी दुपारी ठेवली. आम्ही हात जोडून उभे राहिलो आणि सगळे विसरलो. वचन मुठीत होते. हात जोडल्यावर ते बाहेर यायला वाट राहिली नाही. मुख्य पंचांची मुलगी सर्वांत पुढे, दोन्ही वेण्यांना रिबिनी. ती पहिला शब्द म्हणाली आणि थांबली. साहेब समजूतदारपणे हसले. मग त्यांनी घड्याळ पाहिले. मग पंचांनी बाईंकडे पाहिले.

बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी पदर खोचला, मूठ वर केली आणि पहिला अर्धा भाग दिला.

आम्ही असे गरजलो की पेटी वाजवणाऱ्या गृहस्थांचा चष्मा खाली आला. स्तोत्र संपले, आम्ही दुसरे घेतले. पंचांची मुलगी सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती, एक रिबीन सुटली होती. एवढ्यात पहिली पाळी सुटली. रस्त्याने जाणाऱ्या गिरणी कामगारांना शब्द कळण्याचे कारण नव्हते, पण ठेका ओळखीचा होता, आणि त्या वर्षी परळमध्ये असा ठेका ऐकून कोणी गप्प जात नसे. आमच्या प्रत्येक वचनानंतर खिडकीतून सणसणीत उत्तर येऊ लागले, "झालाच पाहिजे!"

साहेब खूश झाले. बाहेरचे लोक काय म्हणतात, असे त्यांनी विचारले.

"आमेन म्हणतात," मुख्य पंच म्हणाले.

आम्हा सगळ्यांना बक्षिसे मिळाली. साहेबांनी शेरा लिहिला की अशी तयारी त्यांनी कुठे पाहिली नव्हती. त्याच संध्याकाळी पंचांची बैठक बसली आणि उपासनेच्या जागी राजकारण आणल्याबद्दल बाईंना खोली सोडायला सांगण्यात आले. "मुलं नापास झाली का?" एवढेच बाईंनी विचारले. "प्रश्न तो नाही," असे उत्तर मिळाले. त्या नगरला भावाकडे गेल्या. भावाला त्या नको होत्या, हे त्यांच्या बरोबर गेलेल्या शेजारणीने परत येऊन सांगितले.

पुढे महाराष्ट्र झाला. चर्चमध्ये आभाराची उपासना ठेवली. या लढ्यात आमची मंडळी पहिल्यापासून होती, लहान मुलांनीसुद्धा देवाच्या वचनांचा मोर्चा काढला होता, असे मुख्य पंचांनी भरल्या गळ्याने सांगितले. लोकांनी डोळे पुसले. आम्हाला मुठी वर करून स्तोत्र म्हणायला लावले. पहिला अर्धा भाग या वेळी पंचांनी दिला, कागदावर पाहून.

बाईंच्या खोलीत नंतर कोणी राहायला आले नाही. तिथे मंडपाच्या कनाती ठेवत.