उखाभाऊच्या गॅरेजातली गळती

जुनी मोटारसायकल दुरुस्त करायला काढली की पार्ट मिळत नाहीत, पण किस्से मात्र मिळतच जातात. तीन वर्षं मी जळगावात उखाभाऊ मिस्तरीच्या गॅरेजसमोरच्या बाकड्यावर बसलो. तेवढ्या वेळात माणूस पदवीधर झाला असता! मी शाळेतला साधा क्लार्क. मला फक्त आमच्या आबांची पन्नास वर्षं जुनी गाडी चालू करायची होती.

* * *

गाडी गावाकडे, शिंदखेड्याजवळ, गोठ्यात उभी होती. आबा ब्याऐंशी वर्षांचे. "एकदाव हाई गाडीवर बसाडी दे," एवढंच त्यांचं मागणं. मी म्हटलं, दसऱ्यापर्यंत चकाचक करून आणतो. मोठ्या रुबाबात ती टेम्पोत घालून जळगावला आणली. गॅरेजसमोर उतरवली, तर पाच मिनिटांत खाली तेलाचं डबकं!

उखाभाऊ मूळचा धुळ्याचा, म्हणजे आमच्याच बोलीचा माणूस. मी काळजीने विचारलं, "उखाभाऊ, तेल कुठून गळतंय?"

तो उकिडवा बसला, इंजिनाखाली मान घालून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "साहेब, कथाईन गळस ते नका इचारू. कथाईन नही गळस ते इचारा, लवकर सांगसू!"

पहिला दसरा गेला. दुसरा गेला. आबांचा दर रविवारी फोन. शेवटी एकदा ते सरळच म्हणाले, "पहिले गाडी येई का पहिले मना नंबर लागी, तेवढं सांगी दे. मी तशी तयारी करस!"

मी हसलो. पण दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच थेट बाकडं गाठलं.

* * *

मधेच मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका घेऊन उखाभाऊकडे गेलो. त्याने हात पुसले, पत्रिका कपाळाला लावली, मग अंगठा आणि बोटात धरून तिची जाडी बघितली. "झकास शे!" म्हणाला. मला वाटलं, छपाईचं कौतुक करतोय.

लग्नाला पठ्ठ्या आला नाही. चार दिवसांनी मी तणतणत गॅरेजवर गेलो. "काय हो, घरी येऊन पत्रिका दिली असती तर आला असता का?"

"तारीखच ध्यानमा नही ऱ्हायनी, साहेब."

"अहो, पत्रिकेत होती ना तारीख!"

त्याने हातातला पाना माझ्याच गाडीच्या इंजिनाकडे रोखला. "पत्रिका तठे शे."

इंजिनाच्या दोन भागांमध्ये तेल अडवायला जाड कागदाची पॅकिंग बसवतात. गॅस्केट म्हणतात तिला. आमच्या मुलीच्या पत्रिकेची त्याने गॅस्केट कापली होती! कडेने गणपतीची अर्धी सोंड बाहेर डोकावत होती. त्या बाजूने मात्र पुन्हा एक थेंब गळला नाही. विघ्नहर्ता आत बसवल्यावर गळेल कशाला!

* * *

बाकड्यावरचे दुसरे मानकरी म्हणजे वकीलसाहेब. जुन्या गाड्यांच्या आमच्या ग्रुपचे अध्यक्ष. तीन गाड्या बाळगतात, त्यातली एकही चालवत नाहीत. त्यांना रोग एकच, "ओरिजिनल"! नट ओरिजिनल पाहिजे, बोल्ट ओरिजिनल पाहिजे. तेलाच्या टाकीचा एक पितळी प्लग त्यांनी थेट दिल्लीहून मागवला. आठ महिने वाट पाहिली. पार्सल आलं तेव्हा गॅरेजवर पेढे वाटले.

"बघा उखाभाऊ! याला म्हणतात माल! विलायतेचा आहे, पन्नास वर्षं जुना. नाहीतर तुमचं आपलं, लेथवर काहीतरी घासून द्यायचं!"

उखाभाऊने पेढा तोंडात टाकला, प्लग दोन वेळा फिरवून पाहिला आणि परत दिला.

"मना चुलतभाऊ करस हाऊ, धुळामा. गया महिनामा दिल्लीले मीच पार्सल करं व्हतं."

वकीलसाहेबांनी प्लग बसवला. पण अजूनही सगळ्यांना तो विलायतेचाच सांगतात.

* * *

आमच्या ग्रुपची दर हिवाळ्यात "राइड" निघते. कुठे? तर असोद्याला, भरीत खायला! जळगावातून सायकलवर गेलं तरी घाम येत नाही, एवढ्या अंतरावर. त्यासाठी ग्रुपवर पंधरा दिवस चर्चा, हेल्मेट, जाकिटं, गॉगल. मागच्या वर्षी वकीलसाहेबांनी आपली गाडी गावाच्या वेशीपर्यंत टेम्पोत आणली. तिथे उतरवली, फोटो काढले आणि उरलेली दोनशे पावलं ऐटीत चालवत आले.

वेशीवर एकाने टेम्पोवाल्याला विचारलं, "विकायला आणली का भाऊ गाडी?"

"नाही हो," टेम्पोवाला म्हणाला, "फिरायला आणलीय!"

पुढे भरीत ठरलेल्या मळ्यात पोचलो, मी एकाच्या मागे बसून. घरासमोर नवी कोरी फरशी. पाचही गाडीवाल्यांनी न बोलता आपापला पुठ्ठा काढला, केळीच्या खोक्याचा. प्रत्येकाने आपल्या गाडीजवळ अंथरला. गाडीखाली पुठ्ठा ठेवल्याशिवाय आमच्या गाड्यांना सभ्य घरात प्रवेश नसतो. घरातली म्हातारी अक्का दारातून बघत होती. बिचारी ओशाळली.

"अरे, बसाले पाट आहेत ना घरात! घरून खोके कायले आनले?"

* * *

वकीलसाहेबांची एक गाडी मागच्या बाजूने ठिबकायची. इंजिनाला श्वास घ्यायला एक बारीक नळी असते, तिच्यातून. उखाभाऊ सांगून थकला, की तिथून दोन थेंब पडणारच, पडू द्या. पण वकीलच ते! दुसऱ्याचं ऐकायची सवय नाही. त्यांनी घरीच नळीच्या तोंडात बाटलीचं बूच ठोकलं आणि पांढरी पँट घालून कोर्टाकडे निघाले. आयुष्यात प्रथमच त्या गाडीवर कोर्टात!

अर्ध्या तासात गाडी ढकलत गॅरेजवर हजर. पँट गुडघ्यापर्यंत काळी, एक मोजा तेलात भिजलेला. "एक भोक बुजवलं तर दहा ठिकाणांहून तेल उडालं! हे कसलं तुमचं काम?"

उखाभाऊने बूच ओढून काढलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं.

"नाक दाबं का तोंड उघडाईच ना, साहेब! कोर्टमा रोज हाईच ते करतस तुम्ही!"

* * *

आणि तिसऱ्या दसऱ्याला माझी गाडी झाली! काळा रंग आरशासारखा, सायलेन्सरमध्ये तोंड बघून भांग पाडावा. पहाटे निघालो. धरणगाव, अमळनेर, बेटावद, एकेका ठिकाणी थांबून खाली वाकून बघत होतो. एक थेंब नाही! गावात शिरलो तेव्हा छाती फुगून शर्टाची बटणं तुटायची राहिली.

आबा पांढरी टोपी घालून ओट्यावर बसलेले. काठी टेकत आले, गाडीभोवती फिरले. मग टाकीवर हात फिरवायला लागले. डाव्या बाजूला, एकाच जागी, पुन्हा पुन्हा.

"आठे पोचा व्हता."

"मीच काढी टाका तो, आबा!" मी फुशारकीने म्हटलं. "पत्ता बी लागत नही!"

आबांचा हात तिथेच फिरत राहिला.

"पोयाना दिवस व्हता. पोयाले बैल जुपता येत नही. म्हनीसन तुनी मायले दवाखानामा हाईच गाडीवर लई चालनू व्हतू. नालाजोडे पडनूत. टाकी दगडवर आदळनी. तुनी मायले काईच नही व्हयनं, हसाले लागनी. सांजले तू व्हयना."

माय जाऊन सहा वर्षं झालीत. माझा जन्म पोळ्याचा हे माहीत होतं, पण गाडीवरून पडल्याचं तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो पोचा पुरता निघावा म्हणून मी टाकी दोनदा रंगाऱ्याकडे परत पाठवली होती!

"उतर," आबा म्हणाले. "मांगे बस."

"आबा, तुम्ही चालवणार?"

"बस म्हनं ना!"

त्यांनी पहिला गिअर टाकला. अख्खं गाव ओट्यांवर. गाडी माणूस चालतो त्या वेगाने शेताच्या रस्त्याला लागली. मी मागून दोन्ही हातांनी त्यांना धरलेलं. रस्ता मोकळा, आबांचा हात स्थिर. नाल्याजवळ वळण आलं. तिथे गाडी सावकाश, अगदी सावकाश डावीकडे कलली आणि आडवी झाली. आम्ही दोघं गवतात. खरचटलंसुद्धा नाही. टाकी मात्र दगडावर.

मी धडपडत उठलो. आबा गवतात तसेच बसलेले. त्यांनी हात लांब केला, टाकीच्या डाव्या बाजूचा नवा पोचा बोटांनी नीट चाचपला.

"आते मनी गाडी वळखू ऊनी," म्हणाले.