तळ्याकडची खोली

महापालिकेची माणसं टेप घेऊन आली, तेव्हा घरात मी आणि माझ्या सासूबाई, दोघीच होतो. त्यांना मी आत्या म्हणते. हे टॉवेलच्या कारखान्यात कामावर होते. त्या माणसांनी तळ्याच्या काठापासून मापं घेतली आणि आमच्या मागच्या खोलीच्या भिंतीवर लाल रंगाची फुली मारली.

"तळ्यापासून ठरावीक अंतर मोकळं सोडावं लागतं, ताई," त्यांच्यातला चष्मेवाला म्हणाला. "ही खोली त्या अंतरात येते. पुढचं घर नाही येत."

तो ओरडला नाही, दमदाटी केली नाही. त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. ओरडणाऱ्याशी भांडता तरी येतं.

भवानी पेठेतल्या भाड्याच्या खोल्या सोडून आम्ही शहराच्या कडेला हे घर बांधलं. मागची खोली नंतर बांधली, ती आत्यांसाठी. त्या सांगोल्याकडच्या. मेंढरांमागे हिंडण्यात जन्म गेला, आणि गुडघे गेल्यावर आमच्याकडे आल्या. खिडकीतून तळं दिसलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "एवढं पाणी म्या उभ्या जल्मात बगितलं न्हाय." मग खोली त्यांचीच झाली.

फुली मारल्यापासून माझं कशात लक्ष लागेना. रस्त्यावर ट्रॅक्टर जरी गेला तरी हातातलं काम सोडून मी दारात यायचे. पलीकडच्या गल्लीत एक कंपाउंड जेसीबीने पाडलं. त्या दणक्यांनी आमच्या मांडणीतली भांडी थरथरली आणि मी आत्यांचा हात धरून बसून राहिले. "काय झालं गं?" त्या विचारत होत्या.

महापालिकेच्या ऑफिसात सुनावणी झाली. साहेब म्हणाले, "खोली तुम्ही स्वतः काढा, बाकीचं घर राहील. मशीन आणायची वेळ आणू नका."

"पण साहेब, आईला कुठं ठेवू?" यांनी विचारलं. साहेबांनी पुढची फाईल ओढली. बाहेर आल्यावर हे वकील गाठायचं म्हणाले. मला धीर आला, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर परतीचा पाऊस लागून राहिला. एका दुपारी मी स्वयंपाकघरात होते. मागून आत्यांची हाक आली, "पोरी, हितं पाणी आलंय की!"

मागची खोली दोन पायऱ्या खाली होती. तिचं दार आतल्या बाजूला उघडायचं. मी ढकललं तर हलेना. आतून पाण्याने ते दाबून धरलं होतं, आणि फटीतून गढूळ पाणी माझ्या पायांवर येत होतं. खिडकीला गज. मी खांदा लावला, लाथा मारल्या, मग रस्त्यावर धावत जाऊन ओरडले. शेजारचे विणकर काका पहार घेऊन आले.

"आत्या, खाटेवर चढा!"

"चढलेय गं. पर खाटच हलतीया."

तो आवाज मला अजून ऐकू येतो. पावसात मेंढरांसोबत उघड्यावर राहिलेली बाई होती ती, तिला घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. काकांनी बिजागऱ्या उचकटल्या, दाराची फळी तिरपी झाली आणि पाण्याचा लोंढा आमच्या अंगावर आला. आत्या गजांना दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. हात सोडवायला मला त्यांची बोटं एकेक करून उलगडावी लागली.

संध्याकाळी हे आले. ओली भिंत बघितली, आईच्या शेजारी बसले. वकिलाचं नाव पुन्हा निघालं नाही. पाणी ओसरल्यावर यांनी आणि काकांनी मिळून खोली उतरवली. पत्रे आधी, मग विटा. आत्या तिकडे फिरकल्या नाहीत.

पुढे तोच चष्मेवाला पुन्हा माप घ्यायला आला. आता मधे मोकळी जमीन होती, तिच्यावर गवत उगवलेलं.

"झालं, ताई. आता घराला काही भीती नाही."

"पाण्याचीसुद्धा?" मी विचारलं.

त्याने तळ्याकडे पाहिलं. "ते मी कसं सांगू?" म्हणाला आणि टेप गुंडाळायला लागला.

आत्या आता आमच्या खोलीत झोपतात, भिंतीकडच्या बाजूला. आभाळ भरून आलं की त्या पाय वर घेऊन बसतात. मीही त्यांच्याजवळ जाऊन बसते.