सर्वेअरसाठी नटवलेली जीप

चहा आधी संपवा, मग ऐका. मधेच ठसका लागला तर मला बोलायचं नाही! असला येडेपणा अख्ख्या लातूर जिल्ह्यात कुणी केला नसेल. आणि जिल्हा होऊन तरी किती दिवस झालेत? पाट्यांचा रंग अजून वाळतोय. पाणी मात्र उस्मानाबादेत होतो तेव्हाही नव्हतं, आताही नाही.

माझा थोरला भाऊ, दादा, दोन महिन्यांपूर्वी काविळीनं गेला. मागं राहिलो वैनी, मी आणि त्याची लातूर-औसा पाशिंजर मारायची जीप. लेकरासारखी जपायचा तिला. विमासुद्धा पुरा काढलेला. मी म्हणायचो, "दादा, दुसऱ्याला धडकलं तर भरपाई देणारा स्वस्तातला काढ की. आपल्या गाडीचा कशाला?"

"तू चालवायला लागल्यावर कळंल," तो म्हणायचा.

कळलं ना!

औशाच्या रस्त्यावर पाण्याचा टँकर थांबलेला, माणसं त्याच्यामागं पळताहेत. कुणाची तरी घागर सुटली आणि गडगडत माझ्यापुढं आली. मी खाडकन स्टेअरिंग फिरवलं. घागर वाचली. जीपची डावी बाजू लिंबाच्या झाडानं चेपली, दरवाजा, मडगार्ड, सगळं.

वैनी रागावली नाही. तेच वाईट. शांतपणे म्हणाली, "भावजी, विमावाल्यांनी खर्च दिला तर गाडी ठेवू. न्हाई तर औशाचे ते कंत्राटं घेणारे गुत्तेदार मागून राहिले, त्यांना देऊन टाकू."

देऊन टाकू! त्या सीटला अजून दादाच्या पाठीचा खळगा आहे हो.

त्याच दिवशी विम्याच्या हापिसात गेलो. माझी शाळा चौथीतच सुटलेली. अर्ज कारकुनानं भरला. म्हणाला, "सोमवारी सर्वेअर साहेब गाडी बघायला येतील."

आता तुम्हीच सांगा, कुणी बघायला येणार म्हटलं की आपण काय करतो? घर सारवतो, पोरीला चांगलं पातळ नेसवतो, पोहे करतो. फाटक्या पातळात पोरगी दाखवतं का कुणी? गाडी साहेबाच्या मनात भरली तर तो चार पैसे जास्तच मंजूर करील, असं माझं डोकं!

वैनी भोकरला माहेरी गेली आणि मी गाठलं रशीदभाईला. पत्रा ठोकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही.

"सर्वेअर देखके गया क्या?" त्यानं विचारलं.

"हाव, गया," मी ठोकून दिलं. उगीच काम लांबायला नको!

दोन दिवसांत जीप अशी झाली की झाड आडवं आलं होतं हे झाडालाही पटलं नसतं. मग घरात होत्या नव्हत्या त्या तीन घागरी मी तिच्यावर ओतल्या. शेजारची काकू किंचाळली, "आरं मुडद्या, माणसं तहानेनं मरून राहिली आन तू गाडीला आंघोळ घालतूस?"

"काकू, उद्या पाव्हणे हायत!"

सोमवारी साहेब आले, गळ्यात कॅमेरा. बरोबर त्याच वेळी वैनी पिशवी घेऊन एसटीतून उतरून दारात. साहेबांनी झेंडूचा हार घातलेल्या जीपला दोन चकरा मारल्या.

"अपघातातली गाडी कुठाय?"

"हीच की!"

"कुठं लागलंय?"

मी छाती फुगवली. "दिसतंय का काई? सांगा बरं!"

"न्हाई."

"दिसणारच न्हाई! रशीदभाईचं काम हाय ते!"

साहेबांनी कॅमेरा खाली केला. "आहो, मी नुकसान बघायला आलो. नुकसानच न्हाई तर भरपाई कशाची लिहू? बिल तरी हाय का?"

बिल? ते कुणी मागितलं होतं!

साहेब फाईल बांधायला लागले. वैनीनं पिशवी खाली ठेवली. माझ्या डोळ्यांपुढं तो गुत्तेदार दादाच्या सीटवर जाऊन बसला. मग काय, डोकं फिरलं!

"साहेब, थांबा! आत्ता देतो नुकसान!"

घरातून हातोडी आणली आणि धाड! धाड! धाड! दरवाजाचं पार ताट करून टाकलं. "घ्या! काढा फोटू!"

साहेबांनी फाईल पुन्हा उघडली. एक कागद वाचला. मग अगदी मायेनं म्हणाले, "अर्जात डावी बाजू लिवलीय. तुम्ही उजवी फोडली."

"मग डावीबी फोडू का?"

"फोडा. मी गेल्यावर फोडा." पोह्यांना हातही न लावता गेले.

दुसऱ्या दिवशी गुत्तेदार हजर. मी कोपऱ्यात उभा, तोंड पाडून. त्यानं गाडी न्याहाळली. "ही उजवी बाजू कशानं गेली?"

वैनीला खोटं येत नाही. "भावजींनी हातोडीनं फोडली."

"का?"

"विमा मिळावा म्हणून."

"पण झाडाला तर डावी धडकली हुती ना?"

"ती आधीच नीट केली हुती. साहेबाला चांगली दिसावी म्हणून."

गुत्तेदारानं आधी माझ्याकडं बघितलं. मग जीपच्या बॉनेटकडं बघितलं. "ताई, ह्यांनी इंजिनबी नीट केलं असंल तर?" असं म्हणून तो निघाला. वळूनसुद्धा बघितलं नाही!

वैनीनं चावी आणली आणि माझ्या हातावर ठेवली.

"घ्या भावजी. हिला आता कोण इकत घेत न्हाई, आन तुम्हाला कोण कामावर घेत न्हाई. फिरा दोघं मिळून!"