भागूमामांच्या पाटावर घेतलेली मापं

ज्यांचे उपकार माझ्यावर आहेत, त्यांत पहिलं नाव भागूमामांचं. ते कुरुळीचे न्हावी. ते मदतीला आले नसते तर हे लिहायला मी पिंपरीत उरलो नसतो.

त्या दिवशी स्टोअरच्या साहेबांच्या टेबलावर तीन नव्या टोप्या होत्या. आमच्या कारखान्याच्या गेटवरच्या वॉचमनसाठी पुण्याहून नमुना म्हणून आलेल्या. कडक, पुढे छज्जा असलेल्या. वॉचमन बारकूअण्णांनी एक घातली आणि ती थेट नाकावर आली.

"साहेब, आता चोर दिसायचा कसा?" अण्णा म्हणाले.

साहेब हसले नाहीत. "मापं कोणी घेतली?"

मीच घेतली होती. सातवीतून शाळा सुटलेला, परभणीकडचा, स्टोअरमध्ये टेंपररी लागलेला मी.

कडक टोपी ताणत नाही, म्हणून माप नेमकं लागतं. टेप भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून, मागे डोक्याच्या फुगवट्यावरून फिरवायचा. टेपखाली एक बोट सरकलं पाहिजे. नाहीतर दुपारपर्यंत कपाळ ठणकतं.

हे सगळं मला शिकवलेलं होतं. पण आमचे अकराही वॉचमन कुरुळीचे नाहीतर जवळच्या वाड्यांवरचे, आणि सगळ्यांच्या डोक्याला मुंडासं. ते उतरवा म्हणून मी अण्णांना एकदाच म्हटलं होतं.

"उघड्या डोक्यानं बसाया माझ्या घरात सुतक हाय व्हय रं?"

पुढे कुणाला विचारायची छाती झाली नाही. मुंडाशावरूनच टेप फिरवला आणि प्रत्येकाचे सरसकट चार इंच कमी केले. पण कुणाचं मुंडासं पाच हाताचं, कुणाचं दहा हाताचं. हिशेब तिथेच चुकला.

"सोमवारी खरी मापं दे," साहेब म्हणाले. "नाही जमलं तर कायमच्या यादीत तुझं नाव घालत नाही."

गावी आई एकटी. परत जाऊन तिला काय सांगायचं, हे मला सुचेना. शनिवारी सायकल मागून घेतली आणि कुरुळी गाठली. चावडीजवळ भागूमामा वस्तऱ्याला धार लावत होते. मी सगळं सांगितलं आणि विचारलं, "मामा, मुंडासं काढा हे कसं म्हणावं?"

"काईच म्हणू नगंस. उद्या ऐतवार. माझ्याम्होरं समदे बोडकेच बसत्यात. टेप घिऊन ये."

रविवारी सकाळी आमच्या वॉचमनांपैकी पहिला गडी पाटावर बसला, मुंडासं मांडीवर ठेवलं. मी घाईने टेप लावला, आकडा लिहिला. मामांनी माझ्याकडे पाहिलं.

"आदी मापलंस तर केसांचं माप घेशील. भादरून झाल्यावर लाव."

तेव्हापासून तसंच केलं. पहिल्याला पुन्हा बसा म्हणायला मात्र मला संकोच वाटला.

बारकूअण्णा आले, मला बघून थबकले. "हे पोरगं हितंबी आलं?"

"बसा गुमान," मामा म्हणाले. "टकुरं हलवू नगा."

"बसतो बाबा. वस्तरा तुझ्या हातात हाय."

दाढीचा साबण गालावर असतानाच मी अण्णांचं माप घेतलं. साडेबावीस. दुपारपर्यंत अकरा आकडे झाले. त्यासाठी मामांनी गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली, त्यांचं जेवणही टळलं. मला एका शब्दाने बोलले नाहीत.

टोप्या आल्या. दहा चपखल बसल्या. अकरावी, पहिल्या गड्याची, सैल झाली. तो आत वर्तमानपत्राची घडी घालतो. साहेबांनी ते पाहिलं, "चालेल" म्हणाले, आणि यादीत माझं नाव घातलं.

डोक्याचं माप डोकं मोकळं असतानाच घ्यावं. आणि ते कुठे मोकळं होतं, हे आधी गावाला विचारावं.

भागूमामांना मी अजून काहीच देऊ शकलेलो नाही. खोली मिळाली की आईला इकडे आणणार आहे. तिच्या हातच्या स्वयंपाकाचं पहिलं ताट मामांचं. त्यांना घ्यायला मी स्वतः कुरुळीला जाईन.