बुद्रुक झालं!

परवा शनिवारी संध्याकाळी 'बुद्रुक' हा एक शब्द वाचून मी ढसाढसा रडले. शेजारी सासरे टाळ्या वाजवत होते आणि नवरा आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होता... सांगते.

माझी लेक सई इथे सिंगापूरलाच युनिव्हर्सिटीत शिकते. सध्या एका सेमिस्टरसाठी एक्स्चेंजवर फ्रान्सला गेली आहे. तिथल्या क्लेअर नावाच्या मैत्रिणीने तिला वीकेंडला आपल्या गावी बोलावलं होतं. गावाचं नाव सेंट मार्टिन. ("सँ मार्तँ, आई!" हे मला आधीच सुनावून झालं होतं.)

शनिवारी मी थालीपिठाचं पीठ मळत होते. हात बरबटलेले. तेवढ्यात माझा फोन वाजला... परदेशातला अनोळखी नंबर. नवऱ्याला, म्हणजे मंदारला, स्कॅमची भयंकर धास्ती. ऑफिसमध्ये त्यावर ट्रेनिंग झाल्यापासून तर विचारूच नका. त्याने फोन कट केला. परत वाजला, परत कट केला. वर मला लेक्चर दिलं, की आजकाल मुलांचे आवाजसुद्धा काढतात म्हणे.

पहिलं थालीपीठ तव्यावर पडलं आणि क्लेअरचा फोन आला. सईने आम्हाला एकमेकींचे नंबर देऊन ठेवले होते, म्हणून स्क्रीनवर नाव दिसलं आणि तो कट झाला नाही. बस आली, पण सई उतरलीच नाही... फोनही लागत नाही... तुमच्याशी काही बोलली का?

काही बोलली नव्हती. ही सिंगापूरची पोर. शहराच्या एका टोकाच्या क्लेमेंटीहून दुसऱ्या टोकाच्या हौगांगला संध्याकाळच्या क्लासला एकटी जायची, एकटी यायची आणि मला कधी काळजी वाटली नाही. इथे MRTमध्ये, म्हणजे मेट्रोत, सूचनासुद्धा चार भाषांत देतात, चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. पण तिथे? भाषा येत नाही, फोन बंद, आणि मी हजारो मैलांवर हातात उलथनं घेऊन उभी. मी खरंच घाबरले. नको नको ते सगळं मनात येऊन गेलं.

मंदार तिला फोन लावतच राहिला. आप्पा, म्हणजे माझे सासरे, सध्या साताऱ्याहून आमच्याकडे आलेत. ते उठले आणि त्यांनी गॅस बंद केला. थालीपीठ जळून कोळसा झालं होतं, कोणाच्या लक्षातच नव्हतं.

सईचा शेवटचा मेसेज पुन्हा वाचावा म्हणून मी फोन घेतला. आणि दिसलं... त्या मघाच्या नंबरवरून एक SMS येऊन पडला होता.

"Aai, Budruk. Call."

आता हे कळायला तुम्हाला आमच्या लग्नात यावं लागेल. माझं माहेर पिंपळगाव खुर्द. नदीपलीकडे पिंपळगाव बुद्रुक. वऱ्हाडाची बस आप्पांच्या हाती होती. पत्ता विचारताना ते नुसतं 'पिंपळगाव' म्हणाले, आणि अख्खं वऱ्हाड बुद्रुकला जाऊन धडकलं! तिथेही त्या दिवशी लग्न होतं. त्या लोकांनी मंदारला ओवाळलं, सगळ्यांना सरबत पाजलं... आणि मग त्यांचा खरा नवरदेव आला. इकडे खुर्दच्या मांडवात मी मुंडावळ्या बांधून बसले होते आणि माझे बाबा घाम पुसत रस्त्याकडे बघत होते.

तेव्हापासून आमच्या घरात कोणी चुकीच्या ठिकाणी पोचलं, की 'बुद्रुक झालं' म्हणतात. आप्पा ही गोष्ट येईल त्या पाहुण्याला सांगतात. मला अगदी वीट आला होता तिचा.

पण जगातल्या कुठल्या स्कॅमरला बुद्रुक माहीत असणार? माझी पोर जिवंत होती, शुद्धीवर होती, आणि फक्त चुकीच्या गावात होती! मी रडायला लागले आणि आप्पांनी टाळ्या वाजवल्या.

कॉल केला. आधी एका म्हाताऱ्या बाईचा "आलो?" (म्हणजे फ्रेंच हॅलो!) असा आवाज, मग सई, तिच्या सिंगापुरी मिश्र बोलीत. "आई! बाबाने फोन कट केला ना? I knew it lah! म्हणून बुद्रुक लिहिलं."

झालं होतं असं, की फ्रान्समध्ये सेंट मार्टिन नावाची गावं ढिगाने. एकापुढे नदीचं नाव, एकापुढे जंगलाचं. क्लेअरचं होतं 'टेकडीवरचं सेंट मार्टिन'. आमच्या बाईसाहेबांनी आजोबांसारखं शेपूट गाळून तिकिटाच्या ॲपमध्ये नुसतं नाव टाकलं, आणि पहिल्यांदा दिसलेल्या गावचं तिकीट काढलं. ते निघालं 'शेतातलं सेंट मार्टिन'. "आई, टेकडी कुठेच नाही... only cows!"

वाटेत व्हिडिओ काढून काढून फोन मेलेला. क्लेअरचा नंबर पाठ नाही, तोंडपाठ फक्त माझा. अंगणात बसलेल्या एका आजीबाईंकडे तिने खुणांनी फोन मागितला. त्यांनी फोन दिला, आणि वर गरम सूप आणि ब्रेडही पुढे ठेवला.

मी क्लेअरला लगेच गावाचं पूर्ण नाव कळवलं. तिचे बाबा गाडी घेऊन निघाले आणि अंधार पडायच्या आत सईला घेऊन घरी पोचले. मंदारने त्या आजीबाईंचा नंबर माझ्या फोनमध्ये सेव्ह केलाय, 'बुद्रुक आजी' या नावाने. त्यांचं खरं नाव मला माहीत नाही... पण ज्यांनी माझ्या लेकीला जेवू घातलं, त्यांना मी रोज हात जोडते.

आप्पा एवढंच म्हणाले, "बुद्रुकवाले उपाशी नाही पाठवत कोणाला."

मग आम्ही उरलेली थालीपिठं लावली. जेवायला बसल्यावर मी म्हटलं, "आप्पा, ती वऱ्हाडाची गोष्ट सांगा ना." इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच आपणहून मागितली. आप्पांनी घास खाली ठेवला, आणि पार बस सुटल्यापासून सुरुवात केली.