चारशे एक उशाब्ती आणि टोनी

आमच्या म्युझियमच्या टी-रूममध्ये एक फ्रिज आहे. त्यात कुणाचं काय काय महिनोन्महिने पडून असतं, टाकून मात्र कुणी देत नाही. किश्शांचंही तसंच होतं. एक प्रदर्शन उभं करायचं म्हणजे सहा आठवडे तीच माणसं, तीच खोली आणि तीच भीती. साचणारच!

मी मेलबर्नच्या एका म्युझियममध्ये इन्स्टॉल टीममध्ये काम करते. म्हणजे परदेशातून मोठमोठी खोकी येतात, ती आम्ही उघडतो, आतल्या वस्तू हातमोजे घालून काचेच्या कपाटांत मांडतो आणि प्रदर्शन संपलं की परत भरतो. पुण्याच्या एका मावशीने विचारलं होतं, "एवढं मास्टर्स करून हमालीच ना?" हो मावशी, पण सामान तीन हजार वर्षांपूर्वीचं असतं.

हे किस्से इजिप्तच्या प्रदर्शनाचे. तेव्हा मी कॅज्युअल होते, म्हणजे काम असेल त्या आठवड्यापुरती बोलावलेली. आमची बॉस हेलन हिने पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हा शो उभा राहिला की एक जागा पर्मनंट होणार आहे आणि त्या जागेवर तिला मी हवी आहे. अट एकच. इन्सिडेंट रिपोर्टवर माझं नाव येता कामा नये. वस्तूला धक्का लागला, की तो लावणाऱ्याचं नाव त्या रिपोर्टवर चढतं, आणि मग बाहेरून आलेल्या वस्तूंना त्याला परत कधी हात लावू देत नाहीत.

पुढच्या आठवड्याच्या यादीत, रोस्टरवर, आपलं नाव आहे का म्हणून चार वर्षं मी दर शुक्रवारी डोळे लावून काढली होती. मी त्याच दुपारी ही गोष्ट टोनीला सांगितली, कारण टोनीला सांगितल्याशिवाय माझं जेवण पचत नसे.

* * *

टोनी म्हणजे आमचा सगळ्यात जुना गडी. तीस वर्षं कॅज्युअल. साठी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, आणि तोंड सतत चालू.

वस्तूंबरोबर कैरोहून नादिया आली होती. वस्तू ज्यांच्या असतात त्यांचा एक माणूस सोबत येतो आणि प्रत्येक खोकं त्याच्या डोळ्यांसमोरच उघडायचं असतं. नादियाची नजर म्हणजे बोर्डाच्या परीक्षेतली सुपरवायझर! ती मागे उभी राहिली की मला माझेच हात परके वाटायचे.

पहिल्या खोक्यात ममी होती. नाव नख्त. देवळातला धान्याचा कारकून. आम्ही चौघं चार कोपऱ्यांना उभे राहिलो. खोलीत फक्त एसीचा आवाज होता. नादिया खाली वाकली आणि आधी अरबीत आणि मग आमच्यासाठी इंग्रजीत त्याच्याशी बोलली, "नख्त, आता तुला उचलणार आहोत. जरा डावीकडे कलशील. घाबरू नकोस."

कुणी हसलं नाही. उचलला, कलला, ठेवला. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. नंतर नादियाने सांगितलं, की त्या लोकांच्या मते ज्याचं नाव कुणीतरी उच्चारतंय तो माणूस पुरता मेलेला नसतो. म्हणून ती नाव घेतल्याशिवाय हात लावत नाही.

टोनी हातमोजे काढत म्हणाला, "मेट, तीस वर्षांत मला कुणी एवढं सांगून हलवलेलं नाही."

* * *

आई तेव्हा भारतातून आमच्याकडे, मेलबर्नच्या टोकाच्या टार्निट उपनगरात, आली होती. मी प्रेताला हात लावून घरी येते हे तिला कळलं आणि घराचं दार माझ्यासाठी बंद झालं. जुलैचा महिना, म्हणजे इथला ऐन हिवाळा. गॅरेजमध्ये बादली, त्यात गरम पाणी. आंघोळ केल्याशिवाय आत यायचं नाही. माझा दहा वर्षांचा मुलगा दारातून ओरडत होता, "आजी, ही इज नॉट इव्हन हिंदू!"

त्या रात्री जेवताना आईने विचारलं, "त्याला जेवायला काय देतात?"

मी सांगितलं, की पूर्वी थडग्यापाशी पाव आणि बिअर ठेवत. ते थांबलं तर निदान येणाऱ्या-जाणाऱ्याने तोंडाने तरी म्हणावं, नख्तला हजार पाव, हजार मडकी बिअर. म्हटलं की त्याला पोचतं, अशी त्यांची समजूत.

आईचा घास हातातच राहिला. "म्हणजे इतकी वर्षं कुणी पान वाढलं नाही त्याला?" ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यात एक पोळी जास्त होती.

आणि मनगटाला काळा दोरा. सात गाठी, मध्ये एक काळा मणी. आई परत जाईपर्यंत काढायचा नाही, अशी शपथ घातलेली. आता आमच्याकडे नियम असा, की वस्तू हाताळताना अंगठी, घड्याळ, बांगडी काहीही नको. मंगळसूत्र मी रोज लॉकरमध्ये ठेवायचे. दोऱ्याला कात्री लावायला मात्र हात होईना. चार वर्षांची वाट त्या एका नोकरीवर येऊन थांबली होती, आणि अशा वेळी माणूस कशालाही भितो. मी दोरा हातमोज्याच्या आत सरकवायचे आणि वरून टेप लावायचे.

हे एकट्या टोनीला माहीत होतं. त्याने पाहिलं, ओठ मुडपले आणि टेपचा रोल पुढे केला.

* * *

तिसऱ्या आठवड्यात हिरव्या दगडाचा भुंगा आला. मुठीत मावेल एवढा. ममीच्या छातीवर, बरोबर काळजावर ठेवायचा. नादिया म्हणाली, की मेंदू ते लोक नाकातून ओढून फेकून द्यायचे, पण काळीज आत ठेवायचे. परलोकात ते तराजूत घालतात. दुसऱ्या पारड्यात सत्याचं पीस. काळीज जड निघालं, तर बाजूला बसलेलं जनावर ते खाऊन टाकतं आणि माणूस कायमचा संपतो.

"मेंदू काढून टाकलेले बरेच मॅनेजर मला माहीत आहेत," टोनी म्हणाला. हेलन मागेच उभी होती. तिने ऐकलं नाही असं दाखवलं.

भुंग्याच्या पोटावर लिहिलेलं असतं ते मला विसरता येत नाही. काळजाला विनवणी असते, की बाबा रे, तिथे उभा राहून माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. बाकी सगळ्यांना फसवता येईल, हा मात्र आतला साक्षीदार.

तो भुंगा कपाटात ठेवायची पाळी माझी होती. तळहातावर घेतला आणि माझं काळीज एवढं धडधडायला लागलं, की भुंगा हलतोय असं वाटलं. दहा पावलं. नादिया शेजारून चालत होती. भुंगा जागेवर बसला तेव्हा ती म्हणाली, "आता श्वास घे." मी घेतला नव्हता हे तेव्हा कळलं.

* * *

मग आल्या उशाब्ती. निळ्या चकाकत्या मातीच्या बाहुल्या, बोटभर उंच, छातीवर हात बांधलेल्या. मेल्यावरही शेतात राबावं लागतं, अशी त्या लोकांची समजूत. आता श्रीमंत माणूस राबेल का? मग तो थडग्यात बदली नोकर ठेवतो. दिवसाला एक म्हणून तीनशे पासष्ट, आणि दर दहांवर एक मुकादम म्हणून छत्तीस. एकूण चारशे एक.

"छत्तीसच मुकादम? आमच्याकडे उलटं आहे," टोनी म्हणाला.

परलोकात मालकाच्या नावाने हाक आली, की मालकाने गप्प बसायचं आणि उशाब्तीने ओ द्यायची. काय म्हणायचं तेही तिच्या अंगावर कोरलेलं असतं. मी इथे आहे. बस्स, एवढंच.

टोनीला हे फारच आवडलं. "म्हणजे हे सगळे कॅज्युअल!" तो म्हणाला. मग हे तुझ्या भाषेत कसं म्हणतात, असं त्याने मला विचारलं. मी शिकवलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी हेलन रोस्टरवरची नावं वाचायला लागली, की टोनी छातीवर हात बांधून, डोळे वर करून खणखणीत आवाजात म्हणायचा, "मी इठे आहे!" हेलनने पहिल्या दिवशी अर्थ विचारला, दुसऱ्या दिवशी हसली आणि तिसऱ्या दिवसापासून त्याच्या नावापुढे टिक करून पुढे जायला लागली.

* * *

ट्रेमधून सगळ्या उशाब्ती टेबलावर काढल्या आणि नादियाने मोजल्या. चारशे.

परत मोजल्या. चारशे. हेलनने दरवाजे लावून घेतले. आता कुणी बाहेर जायचं नाही. ट्रे उघडल्याच्या कागदावर सही माझी होती. मी प्रत्येक ट्रेमधला फोम उचलून पाहिला, मग खोकं आडवं करून पाहिलं. टार्निटची एक ट्रेन चुकली, मग दुसरी चुकली. नादियाचा चेहरा कागदासारखा झाला होता. हेलनने रिपोर्टचा कोरा फॉर्म टेबलावर ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं. 

नादियाने तिसऱ्यांदा मोजायला घेतलं, प्रत्येक बाहुलीकडे हात करत, ओठ हलवत. टोनी तिच्याकडे टक लावून बघत होता. तीनशेच्या पुढे ती गेली तेव्हा त्याने हळूच विचारलं, "नादिया, तू मोजतेयस कशाने?"

तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. चारशेएकावी उशाब्ती तिच्या मुठीत होती. तिन्ही वेळा तिनेच तिला धरून बाकीच्यांकडे बोट केलं होतं!

नादिया जमिनीवर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हेलनने पेनाला टोपण लावलं. "चारशे एक आहेत. लिहायचं काय त्यात?" ती म्हणाली. त्या दिवसापासून नादिया आमच्या टेबलावर जेवायला लागली आणि माझ्या डब्यातली जास्तीची पोळी तिच्या वाटणीला गेली.

* * *

आता शेवटचा. हा मी टी-रूममध्ये कधी सांगितलेला नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशीची दुपार. सगळं लागलं होतं. फक्त उशाब्तींच्या कपाटातली मागची रांग राहिली होती. प्रत्येकीच्या पायाखाली मेणाचा ठिपका द्यायचा, म्हणजे ट्रामच्या हादऱ्याने ती सरकत नाही. कपाटात हात माझा, बाजूला ट्रे धरून टोनी. हेलन आणि नादिया हॉलच्या दुसऱ्या टोकाला लाइट बघत होत्या.

जेवणानंतर मी हातमोजे बदलले होते. टेप लावायची राहिली.

मागच्या रांगेतली एक जरा तिरकी दिसली म्हणून मी हात लांब केला. सरळ केली. हात मागे घेतला आणि मनगटाला ओढ बसली. मोज्यातून सुटलेला दोरा पुढच्या रांगेतल्या एकीच्या डोक्याला अडकला होता. मला कळेपर्यंत झालं होतं. कपावर बशी आपटावी एवढाच आवाज. तिचे पाय मेणावर तसेच उभे होते आणि बाकीची घोट्यापासून मोडून आडवी पडली होती. दोरा तुटून काळा मणी तिच्याशेजारी पडला होता.

"स्टॉप," टोनी म्हणाला. हा आमचा नियम आहे. तो शब्द ऐकला की ज्याने त्याने आहे तिथे थांबायचं. हॉलमधलं सगळं थांबलं. मग हेलनच्या बुटांचा आवाज आमच्याकडे यायला लागला, आणि तिच्यामागे नादियाचा.

 टोनीने एका हातावर ट्रे तोलला, दुसरा कपाटात घातला आणि दोरा, मणी मुठीत घेतला. मूठ खिशात गेली. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

हेलन आली. तिने काचेतून पाहिलं. नादिया त्या तुटलेल्या बाहुलीवर वाकली आणि तिच्या अंगावर कोरलेलं मालकाचं नाव हळू आवाजात घेतलं. ती रडत नव्हती, पण तिच्याकडे बघवत नव्हतं.

"कपाटात हात कुणाचा होता?" हेलनने विचारलं.

तिच्या हातात तोच फॉर्म होता. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण डोळ्यांसमोर चार वर्षांचे शुक्रवार आले, आणि आवाज काही आला नाही. दोन सेकंद गेले असतील. फक्त दोन. त्या दोन सेकंदांची लाज माझ्या मनातून आजही गेलेली नाही.

टोनीने ट्रे ट्रॉलीवर ठेवला. गुडघे सावरत सरळ उभा राहिला. या वेळी त्याने छातीवर हात बांधले नाहीत, डोळेही वर केले नाहीत. अगदी साध्या आवाजात, हेलनकडे बघून तो म्हणाला,

"मी इठे आहे."