पुसलेलं गोंदण

फ्लॅश घरात आला तेव्हा सगळ्यांत मोठा सुस्कारा मी सोडला. तोवर आमच्या परभणीच्या स्टुडिओत फोटो निघायचा तो छपरातल्या काचेतून येणाऱ्या उजेडावर. आभाळ आलं की गिऱ्हाईक माघारी. ऊन चढलं की माणसं घामेजून बसलेली, आणि त्यांना ‘हलू नका, हलू नका’ म्हणून दटावायचं काम घरातल्या सुनेकडं, म्हणजे माझ्याकडं. बोरीहून लग्न होऊन आलेली मी, फोटोवाल्यांच्या घरात पडले होते, एवढाच माझा फोटोशी संबंध.

पण पदर ढळला म्हणून परक्या पुरुषानं तो सारखा करायला सांगावा, हे बायकांना आवडायचं नाही. म्हणून बायकांचे फोटो मी काढायचे असं ठरलं. यजमानांनी हैदराबादेहून बॅटरीवरचा फ्लॅश आणला होता. सरावाला माझ्यापुढं बसायच्या त्या सासूबाई. त्या बसताना खुशीत असायच्या, पण फ्लॅश उडाला की हमखास डोळे मिटायच्या.

“आत्याबाई, डोळे उघडे ठेवा की.”

“तोंडावर वीज पडल्यावर कोण डोळे उघडे ठेवतंय गं?”

सरळ तोंडावर फ्लॅश मारला की कपाळ, नाक, हनवटी तेल लावल्यागत चमकायची आणि मागच्या भिंतीवर दुसरी काळीकुट्ट आत्याबाई उभी राहायची. एकीलाच सांभाळताना माझी पुरेवाट होत होती. शेवटी बाजूच्या दोरीवर पांढरी चादर टाकून फ्लॅशचं तोंड मी चादरीकडं वळवलं. तिथून परतलेला उजेड मऊ येतो, हे एकदा कळलं आणि मला कोण आनंद झाला! आत्याबाईंनी त्या दिवशी डोळेही मिटले नाहीत.

रिटचिंग मात्र सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, शिकवलं. ते काम आयुष्यभर त्यांचंच, पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्यांना समोरचं माणूसही धुक्यात दिसायला लागलं. खिडकीशी एक तिरकं मेज होतं. त्यातल्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खालच्या आरशातून उजेड घ्यायचा. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. चेहऱ्यावरचा काळा डाग तिथं पारदर्शक दिसतो. त्यावर सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीनं इवल्या इवल्या रेघा भरत गेलं की फोटोतून डाग नाहीसा. चमक तिथं काळी दिसते, ती ब्लेडच्या टोकानं अलगद खरवडून पातळ करायची. जास्त खरवडलं तर फोटोत तिथं काळा धब्बा.

“पेन्सिल चुकली तर पुसता येती,” मामा म्हणायचे. “ब्लेड चुकलं तर खुदा हाफिज.”

आमच्याकडं जास्त करून पाहुण्यांना दाखवायचे मुलींचे फोटो यायचे. देवीचे व्रण, पुटकुळ्या, भाजल्याच्या खुणा, सगळं काढायचं. गोंदणसुद्धा. नोकरीवाल्या मुलाला कपाळावर गोंदलेली बायको गावंढळ वाटते, म्हणून मुलींचे बापच सांगायचे, “तेवढं हिरवं घालवा.” मलाही त्याची इतकी सवय झाली, की चेहरा समोर आला की हात आपोआप ठिपके शोधायचा. हात चांगला बसला होता, आणि तो बसलाय हे मला जरा जास्तच ठाऊक होतं.

असंच एकदा पेडगावाकडचं एक कुटुंब आलं. मेंढरं राखणारी माणसं. नवरा, बायको आणि लग्न झालेली लेक. बाईला पोटातल्या गाठीच्या ऑपरेशनसाठी औरंगाबादला न्यायचं होतं. जन्मात तिचा एकही फोटो निघालेला नव्हता. कशासाठी काढायचाय हे कुणी बोललं नाही, पण त्या तिघांना आणि मलाही ते कळत होतं. त्या दिवशी चादर नेमकी धुवायला टाकलेली. मी फ्लॅश सरळच मारला. बाईनं पापणीही हलवली नाही.

ती दोघं स्टेशनाकडं गेली. लेक फोटो न्यायला नंतर येणार होती.

मी त्या निगेटिव्हवर मन लावून काम केलं. बाईवर माया आली होती, म्हणून जरा जास्तच. कपाळावरची चमक ब्लेडनं उतरवली. भुवयांमधले ठिपके भरले, हनवटीवरचे भरले, डोळ्यांखालच्या सुरकुत्या भरल्या. फोटोत बाई एकदम तरणी, गोरीगोमटी निघाली. मी स्वतःवर खूश.

लेकीनं फोटो हातात घेतला, उलटा केला, परत सुलटा केला.

“ही कोण बाई?”

“तुमची आई.”

“माझी माय अशी न्हाई. तिचं गोंदण कुठं हाय?”

मी मोठ्या दिमाखात सांगितलं, की ते मी काढलं, पाहा किती छान दिसतंय. ती पोरगी दारातच खाली बसली.

“मेल्यावर सोनंनाणं हितंच ऱ्हातंय, गोंदण तेवढं संगं येतंय, असं म्हणती माझी माय. तिकडं तिला आज आपरेशनला आत घ्यायलेत, अन् हितं तुमी तेवढंच पुसलं?”

पहिल्यांदा मला रागच आला. एवढी मेहनत घेतली, त्याचं काहीच नाही! पण दुसऱ्या क्षणी लक्षात आलं. तिकडं काही बरंवाईट झालं, तर ह्या घरात आईचा चेहरा म्हणून एवढाच कागद राहणार होता, आणि त्यावर मी भलत्याच बाईचं तोंड काढून ठेवलं होतं.

मामा आतून सगळं ऐकत होते. बाहेर आले. चिडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी एवढंच विचारलं, “पेन्सिल का ब्लेड?”

“गोंदणावर पेन्सिलच. पण चमक ब्लेडनं काढली. कपाळावरची गोंदणाच्या बरीच वर होती. हनवटीवरची...” मला आठवेना. हनवटीवर चमक होती हे नक्की. गोंदणाच्या भोवतीचं मी खरवडलं असेल, तर ते ठिपके फोटोत काळ्यात काळे मिसळून कायमचे गेले.

“टर्पेंटाइन घे. कापूस भिजव, पीळ, अन् नुसता फिरव. घासू नगंस.”

त्यांना स्वतःला दिसत नव्हतं. ते माझ्या मागं उभे राहिले, लेक माझ्या खांद्याशी. मी कापूस कपाळावरून फिरवला. पेन्सिलीची शिशाची धूळ कापसाला लागली आणि खालून भुवयांमधले ठिपके एकेक करून मोकळे झाले. मग हनवटी. तिथं टेकवायच्या आधी मी कापूस पुन्हा एकदा पिळला. मामा म्हणाले, “सबुरीनं.” कापूस उचलला. काचेवर खालून उजेड येत होता आणि त्या उजेडात हनवटीवरचे ठिपके स्वच्छ उभे होते. ब्लेड त्यांच्या कडेनं, अगदी केसाच्या अंतरानं गेलं होतं.

“हायत का?” मामांनी विचारलं.

“हायत,” माझ्याआधी ती लेकच म्हणाली. निगेटिव्हमधलं उलटं तोंड तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं असेल, पण आईचं गोंदण तिनं बरोबर ओळखलं. मी मेजावर डोकं टेकून रडले. इतकं हलकं मला कुठल्या परीक्षेनंतरही वाटलं नव्हतं. ‘माय हाय तशीच पायजे’ म्हणाली, म्हणून डोळ्यांखालची पेन्सिलही पुसली आणि त्याच निगेटिव्हवरून नवा फोटो छापून दिला, गोंदणासकट, सुरकुत्यांसकट. तो पोटाशी धरून ती गेली. तिकडची खबर मात्र कळायला मार्ग नव्हता.

पुढं बरेच दिवस पेडगावची कुणी माणसं दिसली, की विचारावं असं वाटायचं आणि धीर व्हायचा नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर एका बाजारच्या दिवशी दारात सावली पडली. वर पाहिलं तर तीच बाई. वाळलेली, पण पायांवर उभी. मागं नवरा घोंगडं सावरत हसत होता. मी आत ओरडले, “मामा, त्या आल्या!” कोण ते सांगायचीही गरज पडली नाही. मामा भिंत चाचपत लगबगीनं बाहेर आले.

बाईनं पदराआडून तो फोटो काढून माझ्यापुढं ठेवला.

“गोंदण लय झ्याक आलंय, बाई. पर ह्या सुरकुत्या कशापायी ठिवल्या? मी येवढी म्हातारी हाय व्हय?”

“तुमच्या लेकीनं सांगितलं, आई आहे तशी पाहिजे म्हणून.”

“तवा मी मरायला निघाले हुते, तवा चालत हुतं,” ती स्टुलावर ऐसपैस बसत म्हणाली. “आता जगायचंय. जरा बरी काढ.”